किल्ल्याला तिकीट, चर्चला किल्ली

फ्रान्सच्या नैऋत्येला दोर्दोन्य नदीच्या काठी बेनाक नावाचं गाव आहे. कड्यावर किल्ला, कड्याला टेकून घरं आणि घरांच्या पायाशी नदी. २०२५ च्या सप्टेंबरात मी आणि माझी नणंद तिथे मुक्काम करून आसपासचे किल्ले आणि जुनी चर्चं बघून आलो. दोघींनी पन्नाशी ओलांडलेली, फ्रेंचच्या नावाने शून्य, आणि बरोबर टूर कंपनी नाही. पॅरिसबद्दल वाचायला ढीगभर मिळतं, पण या खेड्यांकडे स्वतःच्या हिमतीवर जायचं तर नेमकं काय काय करावं लागतं, हे जाण्याआधी आम्हाला कुणी सांगितलं असतं तर रात्रीची झोप जरा बरी लागली असती.

सप्टेंबर निवडायचं कारण होतं वारसा दिवस. फ्रान्सने १९८४ साली ही प्रथा सुरू केली आणि पुढे ती युरोपभर गेली. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी एरवी कुलूपबंद असणारी चर्चं, खाजगी वाडे, सरकारी इमारती लोकांना बघायला उघडतात. २०२५ मध्ये तारखा होत्या २० आणि २१. त्या पकडून आम्ही उलटं मोजत आलो.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही जुलैमध्ये केला, कारण एप्रिल-मे मध्ये अपॉइंटमेंटसाठी मारामारी असते असं ऐकलं होतं. आधी फ्रान्सच्या सरकारी संकेतस्थळावर फॉर्म भरायचा, छापायचा, मग व्हिसा केंद्राची वेळ घेऊन बोटांचे ठसे द्यायला जायचं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, नणंदेच्या ऑफिसचं रजेचं पत्र, माझे पेन्शनचे कागद, विमानाचं बुकिंग, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा. मुक्काम सगळे रद्द करता येतील असेच घेतले होते. कव्हरिंग लेटरमध्ये कुठल्या तारखेला कुठल्या गावात, हे तक्त्यात मांडलं. बेनाकसारख्या खेड्यात इतके दिवस काय करणार, असा प्रश्न कुणालाही पडेल, म्हणून दोन ओळींत किल्ल्यांची आणि चर्चची नावंही लिहिली. नुसतं ‘पर्यटन’ लिहिण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत.

व्हिसाची फी ९० युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने नऊ हजारांच्या आसपास. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, कुरिअर हवं असेल तर तेही वेगळं. मग वाट बघणं. पंधरवडा उलटून गेल्यावर पासपोर्ट परत आल्याचा मेसेज आला, पण व्हिसा मिळाला की नाही ते त्यात लिहिलेलं नसतं. ते पाकीट फोडेपर्यंत कळत नाही. नणंदेने पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. दोघींना मिळाला.

व्हिसा हातात आल्यावर आरटीओ. फ्रान्समध्ये थोड्या दिवसांसाठी भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, पण बरोबर त्याचं अधिकृत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि गाडी भाड्याने देणारे हा परवानाच बघतात. फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. आमच्याकडे पासपोर्टबरोबर व्हिसाचीही प्रत मागितली, त्यामुळे आधी व्हिसा आणि मग परवाना हाच क्रम धरा. मूळ लायसन्सही बरोबर न्यावं लागतं. नुसता परवाना चालत नाही.

गाडी का, असं आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं. बोर्दो या मोठ्या शहराहून बेनाकजवळच्या सार्ला गावाला रेल्वे जाते, पण सार्ला ते बेनाक, बेनाक ते इतर खेडी ही जोडणी दिवसातून एखाद-दोन बसवर अवलंबून असते. सायकल चालवणाऱ्यांची सोय चांगली आहे. आमच्या गुडघ्यांची नव्हती.

बॅगेबद्दल एक गोष्ट आताच सांगते. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, तूप, बासुंदीची पावडर घरीच ठेवा. आमच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी, मेथीचे खाकरे आणि लिंबाचं लोणचं होतं. नणंद शाकाहारी, त्यामुळे हा साठा शेवटपर्यंत पुरवून वापरला.

११ सप्टेंबरला मुंबईहून निघालो. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या जरा वर बोर्दो. तिथे रात्र काढून १३ तारखेला सकाळी लोकल रेल्वेने बर्जराक. भाड्याची गाडी मुद्दाम बर्जराकला घेतली, कारण बोर्दोसारख्या मोठ्या शहराच्या गर्दीत, ट्रामच्या रुळांवरून, आयुष्यात पहिल्यांदा उजव्या बाजूने चालवण्याची नणंदेची तयारी नव्हती आणि बाजूला बसण्याची माझी नव्हती. लहान गावात एक अडचण असते. गाडी भाड्याने देणारी ऑफिसं दुपारी बारा ते दोन बंद, शनिवारी दुपारनंतर बंद, रविवारी तर बंदच. आमची रेल्वे अर्धा तास उशिरा धावती तर सोमवारपर्यंत तिथेच बसलो असतो. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं आणि त्यावर अनामत अडकवून ठेवतात. ऑटोमॅटिक गाडी गिअरच्या गाडीपेक्षा बरीच महाग पडते. आम्ही ते पैसे दिले. डावीकडचं स्टिअरिंग, उजवीकडचा रस्ता आणि उजव्या हाताने गिअर, हे तिन्ही एकदम शिकण्यात काही पुरुषार्थ नाही.

पहिला तास दोघी गप्प होतो. मी फक्त “उजवीकडे, उजवीकडे” एवढंच म्हणत होते. गोल चौकात आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, आणि जिथे काहीच पाटी नाही अशा खेड्यातल्या फाट्यावर उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो. ही दुसरी गोष्ट डोक्यात बसायला वेळ लागतो.

बेनाकमध्ये शिरताना रस्ता इतका अरुंद की एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी आणि मध्ये समोरून येणारी बस. या गावाला वळणरस्ता काढायचा म्हणून नदीत पुलाचे खांब उभे राहिले होते. लोक कोर्टात गेले, २०१८ मध्ये काम थांबलं आणि २०१९ मध्ये केलेलं बांधकाम काढून टाकण्याचा आदेश झाला. खोलीची मालकीणबाई हे सांगताना कुठल्या बाजूची आहे ते कळू देत नव्हती. खोली दोघींत मिळून रात्रीला ऐंशी-नव्वद युरो, नाश्त्यासकट. पर्यटन कर वेगळा, माणशी थोडासाच, पण रोख मागतात.

किल्ल्यांबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांना आमची गरज नाही. तिकीट साधारण दहा ते पंधरा युरो, माहितीफलक इंग्रजीतही, बाण काढलेले, स्वच्छतागृह, दुकान. सगळं आखून ठेवलेलं.

बेनाकचा किल्ला नदीपासून १५० मीटर उंच. नदीच्या बाजूला कडाच राखण करतो, म्हणून तटबंदीचा सगळा भार पठाराच्या बाजूला, तिथे दुहेरी तट. इंग्लंडच्या सिंहहृदयी रिचर्डने हा किल्ला आपल्या मेर्काडिए नावाच्या सरदाराला दिला होता. समोर, नदीपलीकडे कास्तेलनोचा किल्ला. १२१४ मध्ये सिमों द मोंफोर या फ्रेंच सरदाराने दोन्ही घेतले. पुढे इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शतवर्षीय युद्धात बेनाक फ्रेंचांकडे आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. बांधावरून भांडणाऱ्या भावकीसारखे दोघे वर्षानुवर्षं एकमेकांकडे बघत उभे. १४४२ मध्ये फ्रेंचांनी कास्तेलनो कायमचा परत घेतला. आज तिथे मध्ययुगीन युद्धसाहित्याचं संग्रहालय आहे. दगड फेकणारी ती प्रचंड लाकडी यंत्रं खऱ्या मापात उभी केलेली आहेत. इतिहास शिकवताना मी वेढ्याबद्दल वर्षानुवर्षं बोलले, पण अशा यंत्राची भुजा किती लांब असते हे तिथे मान वर करून बघितल्यावर कळलं.

गावातून बेनाकच्या किल्ल्यावर जायची पायवाट दगडी आणि खडी चढाची आहे. गुडघे दुखत असतील तर गाडीने मागच्या बाजूने पठारावर जा, वर वाहनतळ आहे. आम्ही चढताना गाडी, उतरताना पायवाट असं ठरवलं होतं. गुडघ्यांना उतारच जास्त लागतो हे नणंदेने मला अर्ध्या वाटेत ऐकवलं.

ले मिलांदचा किल्ला १४८९ मध्ये फ्रांस्वा द कोमों याने बायकोसाठी बांधला, कारण तिला कास्तेलनोच्या अंधाऱ्या भिंतींत राहायचं नव्हतं. विसाव्या शतकात तो जोसेफीन बेकर हिने आधी भाड्याने आणि मग १९४७ मध्ये विकत घेतला. अमेरिकेतून आलेली कृष्णवर्णीय नर्तकी, फ्रान्सच्या नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत काम केलेली, जगभरातून बारा मुलं दत्तक घेऊन इथे राहिली, आणि कर्जापायी १९६९ मध्ये इथूनच बाहेर काढली गेली. २०२१ मध्ये फ्रान्सने तिला पॅरिसच्या पाँथेओंमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मारकात, मान दिला. किल्ल्याच्या चॅपेलमध्येच, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, तिचं १९४७ साली लग्न लागलं होतं. वेळ एकाच किल्ल्याला असेल तर मी हा सांगेन. नणंद कास्तेलनो सांगेल.

आता चर्च. इथे खरी धडपड होती.

फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने धर्म आणि राज्य वेगळे झाले, आणि त्याआधी बांधलेली गावोगावची चर्चं गावाच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या मालकीची झाली. छताची गळती पंचायतीने बघायची, प्रार्थना पाद्र्याने चालवायची. पाद्री एक आणि त्याच्याकडे गावं अनेक, म्हणून रविवारची प्रार्थना फिरत्या पद्धतीने होते. या रविवारी कुठल्या गावात, ते दारावरच्या कागदावर लिहिलेलं असतं. उरलेला वेळ लहान चर्च बंद. किल्ली पंचायतीच्या ऑफिसात किंवा जवळच्या एखाद्या घरात. आणि ऑफिस? आठवड्यातून दोन-तीन अर्धे दिवस.

सोमवारी, १५ तारखेला आम्ही ज्या दोन चर्चपाशी गेलो ती दोन्ही बंद होती. बाहेरून बघितली. छपराखाली भिंतीतून बाहेर आलेल्या दगडांवर माणसांचे, जनावरांचे, मधूनच चांगलेच वात्रट चेहरे कोरलेले असतात. ते बाहेरूनच दिसतात, तेवढं समाधान. छपरांवर कौलं नव्हेत, चुनखडीच्या चपट्या फरश्या एकावर एक रचलेल्या. चौरस मीटरला पाचशे किलो आणि त्याहून जास्त वजन. ते पेलायला भिंती किती जाड असतील ते दारातूनच समजतं.

मंगळवारी सार्लाच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात पंचायतीचं ऑफिस दुपारी दोनला उघडतं असं दारावर होतं. पावणेदोनपासून बाहेर बाकावर बसलो. मी तोंडातल्या तोंडात वाक्य घोकत होते, “बोंजूर मादाम, एस् काँ प व्हिझिते लेग्लीझ?” म्हणजे, चर्च बघता येईल का? दार उघडलं. यातलं ‘बोंजूर’ कधीही गाळू नका. ते म्हटल्याशिवाय थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणा समजतात. आतल्या बाईंनी हसून फ्रेंचमध्ये बरंच काही सांगितलं, मी फोन पुढे केला, त्यावर भाषांतर उमटलं: कुठून आलात, किती वाजेपर्यंत परत आणाल, आणि वटवाघळं आत येतात म्हणून दार लोटून घ्या. वहीत नाव, फोन नंबर, वेळ लिहून घेतली. मग खिळ्यावरची किल्ली काढून दिली. लोखंडी, वीतभर लांब. नणंद म्हणाली, “वहिनी, ही माणसं आपल्याला ओळखत नाहीत न् पाळखत नाहीत, आणि आठशे वर्षांचं चर्च देऊन टाकलं की गं.”

आत काळोख. या चर्चमध्ये दाराजवळ उजव्या किंवा डाव्या भिंतीवर एक बटण असतं, ते दाबलं की थोडी मिनिटं दिवे लागतात आणि आपोआप विझतात. काही ठिकाणी नाणं टाकावं लागतं, म्हणून एक आणि दोन युरोची नाणी जवळ ठेवा. दिवे लागले. वेदीवर दगडी घुमट, भिंतीवर मातकट लाल रंगातली पुसट चित्रं, एका खांबाच्या माथ्यावर दोन सिंह. दाराजवळ १९१४ ते १९१८ च्या युद्धात गेलेल्यांच्या नावांची पाटी, त्यात एकच आडनाव पुन्हा पुन्हा. आम्ही तिथे तासभर होतो. किल्ली परत करायला गेले तेव्हा बाईंनी वहीत खूण केली आणि पुढच्या गावाच्या ऑफिसच्या वेळा चिठ्ठीवर लिहून दिल्या.

त्या चिठ्ठीनंतर आमचा कार्यक्रम किल्ल्यांच्या नव्हे, पंचायतींच्या वेळांवर ठरायला लागला. तुम्हीही तसंच करा. किल्ले रोज उघडे असतात, त्यांना कुठल्याही फटीत बसवता येतं.

किल्ली न लागणारी चर्चंही आहेत. सँ आमाँ द कोलीचं बाराव्या शतकातलं मठाचं चर्च बाहेरून सरळ किल्लाच वाटतं, उंच बुरूज आणि वर लढायला खोली. आत जमीन वेदीकडे चढत जाते. कार्साकच्या जुन्या चर्चमध्ये लिओं झाक या रशियातून आलेल्या चित्रकाराने येशूच्या शेवटच्या वाटचालीची दृश्यं केली आहेत आणि सोबत कवी क्लोदेलच्या ओळी आहेत. जुन्या दगडात नवी कला मला बहुतेक वेळा खटकते, ही खटकली नाही.

बुधवारी सार्ला, कारण बुधवार-शनिवार तिथला बाजार. सार्लाचं जुनं सेंट मेरी चर्च आता मंडई आहे. वास्तुकार जाँ नूव्हेल याने त्याला पंधरा मीटर उंच पोलादी दारं बसवली. आत चीज आणि अक्रोड विकायला. शाकाहारी मंडळींनो, सार्लाचे म्हणून जे परतलेले बटाटे सगळीकडे मिळतात ते बदकाच्या चरबीत परततात. विचारल्याशिवाय घेऊ नका. नणंदेने अक्रोडाचं तेल, पाव आणि बकरीच्या दुधाचं चीज यांवर दिवस काढले आणि तक्रार केली नाही, लोणचं होतंच.

गुरुवारी, १८ तारखेला देशभर संप होता. आमचा रेल्वेप्रवास त्या दिवशी नव्हता हे नशीब. संपाच्या तारखा आधी जाहीर होतात, खोलीच्या मालकिणीला रोज सकाळी विचारत जा.

कादुआँला मी एकटी असते तरी गेले असते. १११५ मध्ये स्थापन झालेला मठ, १११९ पासून सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांचा, चर्च ११५४ चं. इथे शतकानुशतकं एक कापड पूजलं जात होतं. येशूच्या डोक्याला गुंडाळलेलं वस्त्र म्हणून यात्रेकरू रांगा लावत. १९३४ मध्ये त्याच्या नक्षीदार पट्ट्यांकडे अभ्यासकांनी नीट बघितलं तर ती कूफी लिपीतली अरबी अक्षरं निघाली. त्यांत इजिप्तचा फातिमी खलिफा अल-मुस्तली याचं नाव, म्हणजे कापड अकराव्या शतकाच्या शेवटचं. बिशपने यात्रा बंद केली. मठाने ते कापड लपवलं नाही, ते आजही त्याची हकिकत सांगत तिथे ठेवलंय. चर्च मोफत, आवाराला तिकीट. मला बरं वाटलं ते यासाठी की चूक सापडल्यावर कुणी कापड जाळलं नाही. नणंदेचा प्रश्न वेगळा होता: त्या रांगांत उभं राहून जे बरे झाले असतील, त्यांचं काय?

शनिवार-रविवार, वारसा दिवस. त्यांचा कार्यक्रम संकेतस्थळावर गावानुसार शोधता येतो, आम्ही आधीच छापून घेतला होता. वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, लहान जागेत ठराविकच माणसं घेतात. एका खेड्यातल्या चर्चमध्ये एक निवृत्त गृहस्थ माहिती देत होते. त्यांनी टॉर्च भिंतीवर फिरवला. आतल्या भिंतीला डोक्याच्या जरा वर एक काळा पट्टा, सगळीकडून फिरलेला, मध्ये मध्ये पुसट झालेली ढाल. गावाचा सरदार वारला की त्याच्या किल्ल्यातून हुकूम यायचा आणि चर्चच्या भिंतींवर हा सुतकाचा पट्टा रंगवला जायचा, त्यावर त्याच्या घराण्याची चिन्हं. त्यानंतर आम्ही प्रत्येक चर्चमध्ये तो पट्टा शोधायला लागलो. सोमवारच्या त्या दोन बंद चर्चपैकी एक त्या दिवशी उघडं होतं, आणि पट्टा तिथेही होता, चुन्याचे पापुद्रे निघालेत तिथून डोकावणारा.

२२ तारखेला गाडी परत. पेट्रोलपंपावर डिझेलला ‘गाझोल’ लिहिलेलं असतं, गाडीच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते आधी वाचा. सुपरमार्केटचे पंप स्वस्त, पण कार्डावर शंभर युरोच्या पुढची रक्कम अडकवतात आणि ती सुटायला काही दिवस लागतात. गाडीचे चारही बाजूंनी फोटो देताना आणि घेताना काढा. बाराच्या आत ऑफिसात पोचलो, किल्ली काउंटरवर ठेवली.

पासपोर्टवर आम्हाला शिक्का मिळाला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे उतरल्यावर पुढची रेल्वे पकडायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.